अक्काला मी बसवून नेलं

माझ्या बहिणीला गांधीलमाशीने नाही मारलं. तिच्याच शरीराने मारलं, आणि आम्ही हातभार लावला.

आज वर्ष झालं.

मी आठवीला विज्ञान शिकवतो. रोगप्रतिकारशक्ती म्हणजे शरीराचं रक्षण करणारी शक्ती, हे दरवर्षी पोरांकडून घोकून घेतो.

ती गेली त्याच्या आदल्या वर्षी मोसंबीच्या बागेत अक्काला गांधीलमाशी चावली होती. हात कोपरापर्यंत सुजला, चार दिवसांत उतरला. अक्का खूश.

"आता जहर मुरलं अंगात. आता काय होत न्हाई मला."

"बराबर. लसीसारखंच असतं ते."

हे मी म्हणालो. सायन्सचा सर.

खरं तर त्या पहिल्या दंशातच तिच्या शरीराने विषाशी वैर धरलं होतं. अँटीबॉडीज तयार करून वाट बघत बसलं होतं.

गेल्या वर्षी पुन्हा माशी चावली, थेंबभर विष गेलं, आणि शरीराने होतं नव्हतं ते सगळं एकदम बाहेर काढलं. रक्तवाहिन्या सैल पडल्या, घसा सुजला, बीपी कोसळलं. याला अ‍ॅलर्जी म्हणतात. मी हे नंतर वाचलं.

त्या दुपारी अक्का तळहात खाजवत बांधावर आली. अंगभर गांधी उठलेल्या, आवाज बसलेला. दाजींनी चुना लावला. त्यात दहा मिनिटं गेली.

मग मोटारसायकल. दाजी पुढे, अक्का मधे, मी मागे. आमच्याकडे पेशंट असाच नेतात.

"बापू, जीव घाबरा होऊन राह्यला. मला जरा आडवं पडू दे."

"न्हाई अक्का, नीट बस. आलाच वडीगोद्रीचा दवाखाना."

तीनदा म्हणाली. तीनदा मी तिला काखेत धरून सरळ केलं. साप चावलेल्याला झोपू देत नाहीत, तेवढंच डोक्यात होतं माझ्या.

डॉक्टर म्हणाले, "बीपी पडलेल्या माणसाला बसवायचं नसतं, सर. आडवं करून पाय वर घ्यायचे. आणि मांडीत लगेच अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन."

"वाचली असती का?"

ते चष्मा पुसत राहिले.

हात जोडून सांगतो, माशी चावल्यावर अंगावर गांधी उठल्या, आवाज बसला, चक्कर आली, तर चुना शोधू नका. आडवं करा, १०८ची गाडी बोलवा.

यंदा तो रोगप्रतिकारशक्तीचा धडा आला तेव्हा खडू हातात धरून नुसता उभा राहिलो.

अक्का, तू फक्त पडू दे म्हणत होतीस.

पड आता. मी उठवत नाही.