प्रिंटरमधून येणारी बस

आमच्या घरात दोघं जण असे आहेत की एकदा झोपले की उठायचं नाव घेत नाहीत. एक आमचे हे आणि दुसरा प्रिंटर. ह्यांचं निदान कळतं तरी, घोरतात. प्रिंटर मात्र गप पडून राहतो, अंगावरचा एक बारीक दिवा मिणमिणता ठेवून, म्हणजे जिवंत आहे एवढं आपण समजून घ्यावं.

ब्लाऊज शिवणाऱ्या बाईच्या घरात प्रिंटर कशाला, हे गल्लीतल्या बायकांनी मला विचारून झालंय. मापं छापते का, असंही एकीने विचारलं. तिचा ब्लाऊज मी मुद्दाम दोन दिवस उशिरा दिला.

त्याचं असं झालं. हे बसचे ड्रायव्हर. अक्कलकुव्याहून मोलगी, मोलगीहून धडगाव, सगळं आयुष्य घाटात गेलं. निवृत्त झाल्यावर आधी गुडघे कुरकुरायला लागले, मग कान गेले. डॉक्टर म्हणाले, वयोमान. ह्यांचं म्हणणं वेगळं. देवगोईच्या घाटात वळणावळणाला इतके हॉर्न दिले की देवाने दिलेला ऐकण्याचा कोटाच संपला. मुलीने कानाचं यंत्र आणून दिलं. ते दोन दिवस लावलं आणि डबीत ठेवून दिलं, कारण त्यात भांडी फार मोठ्याने वाजतात. भांडी म्हणताना माझ्याकडे बघत होते.

कान गेले तसा फोनही गेला. मुलगी बंगळुरूला असते, तिची पोर सात-आठ वर्षांची. व्हिडिओ कॉल लावला की नात तिकडे तोंड हलवायची आणि हे इकडे 'हां, हां' करत भलत्याच प्रश्नाला भलतंच उत्तर द्यायचे. एकदा तिने विचारलं, आबा, काय जेवलात? ह्यांनी सांगितलं, अजून पाऊस नाही. पोर खो खो हसली. ह्यांना हसू दिसलं, कारण कळलं नाही. त्या दिवसापासून फोन वाजला की हे उठून अंगणात जायला लागले. मला फार वाईट वाटायचं. पण बोलून उपयोग काय, बोललेलं ऐकू कुठे जाणार होतं?

मग मुलीने हा प्रिंटर पाठवला. विजेची सोडली तर वायर नसलेला. तिने बंगळुरूत बसून बोट दाबलं की अक्कलकुव्यात आमच्या घरी कागद निघतो. पहिल्या रविवारी सकाळी तो आपला आपण खुडबुडायला लागला तेव्हा माझ्या हातातली कात्री खाली पडली. कागदावर एक लाल बस होती. चाकं तीन, रस्ता नागमोडी, आणि खाली वेडंवाकडं लिहिलेलं, "आबा, आत कोण बसलंय?"

हे बॉलपेन घेऊन बसले आणि एका खिडकीत कोंबडी मांडीवर घेतलेली बाई काढली. ती हुबेहूब आली होती, कोंबडी तर बाईपेक्षा बरी. मुलीने शिकवल्याप्रमाणे मी तो कागद प्रिंटरच्या झाकणाखाली ठेवून परत पाठवला. पुढच्या रविवारी बस एक वळण पुढे गेली होती आणि कोंबडी टपावर जाऊन बसली होती. तिथून खेळ लागला. नात बस आणि रस्ता काढायची, हे प्रवासी काढायचे. बाजाराला निघालेले म्हातारे, होळीचा ढोल घेतलेले पावरा आदिवासी, एकदा तर आख्खं वऱ्हाड. पोटच्या पोरीशी हे कधी इतकं बोलले नव्हते. रविवारी सकाळीच आंघोळ, केस विंचरणं, आणि मग प्रिंटरसमोर खुर्ची टाकून बसणं. डेपोत गाडी लागायची वाट बघावी तसे बसायचे.

दसऱ्यापर्यंत सगळं सुरळीत होतं.

दसऱ्याला ह्यांचा एक नियम आहे. जे फिरतं त्याची पूजा. गाडीवर पोट भरलेला माणूस चाकाला देव मानतो, त्यात मला काही बोलायचं नाही. पण घरात फिरतं काय काय! मोटरसायकल झाली, पाण्याची मोटर झाली, माझं शिलाई मशीन, मिक्सर, कूलर. पंख्याला कुंकू लावायला हे स्टुलावर चढले तेव्हा मी खाली उभी राहून स्टूल धरलं आणि वर बघून जे बोलायचं ते बोलून घेतलं. टीव्हीला काही मिळत नाही, त्यात काही फिरत नाही म्हणून. प्रिंटरच्या पोटात रूळ फिरतो हे ह्यांनी झाकण उघडून आधीच बघून ठेवलं होतं, त्यामुळे त्याचा नंबर लागला. झेंडूची माळ, हळद, कुंकू, अक्षता. नारळ त्याच्यासमोरच फोडायचा होता. मी मध्ये आडवी आले म्हणून तो उंबऱ्यावर फुटला. पूजा झाली की सगळ्यांना त्या दिवशी सुट्टी. त्यामुळे घरातली होती नव्हती तेवढी बटणं दिवसभर बंद झाली, वाय-फायचंसुद्धा; प्रिंटर आधीच झोपलेला, म्हणून त्याचं तेवढं राहिलं.

त्यानंतरच्या रविवारी हे खुर्ची टाकून बसले. प्रिंटर काही बोलेना. बारीक दिवा तेवढा मिणमिणत होता. जेवायची वेळ झाली तेव्हा हे उठले, खुर्ची भिंतीला लावली आणि म्हणाले, आज पोरीला अभ्यास असेल.

मी मुलीला फोन लावला. तिने तर सकाळीच चित्र पाठवलं होतं. मग सुरू झालं तिचं उंटावरून शेळ्या हाकणं. आई, तो स्लीप मोडला गेलाय, त्याला जागं कर. कसं करू? समोरचं गोल बटण दाब. दाबलं. दाबून धर. धरलं. काही झालं? काही नाही. आई, तू नीट दाबत नाहीस. आता मला सांगा, चाळीस वर्षं शिलाई मशीनचं पायडल दाबलेल्या बाईला दाबणं शिकवायचं?

मग वाय-फाय बंद करून चालू केलं. प्रिंटरची पिन काढून परत लावली. ते तर आगीतून फुफाट्यात झालं, कारण होता तो मिणमिणता दिवाही गेला. आधी झोपलेला होता, आता बेशुद्ध पडला. मुलगी म्हणाली, आता तर बटण दाबल्याशिवाय उठणारच नाही. मी पुन्हा दाबलं. बटण आत जातंय की नाही हेच मला कळेना, पण तसं म्हटलं असतं तर पुन्हा नीट दाबत नाहीस ऐकावं लागलं असतं. म्हणून मी 'दाबलं' एवढंच म्हटलं.

चित्राचा फोटो मोबाईलवर तरी पाठव, म्हटलं. पण नात कबूल होईना. तिच्या हिशोबाने बस रस्त्यानेच जायला हवी, आणि तिचा रस्ता प्रिंटरमधून होता. हट्ट कोणाचा घेतला हे मला विचारायची गरज नव्हती.

दुसरा रविवारही तसाच गेला. ह्यावेळी हे खुर्चीवर फार वेळ बसलेच नाहीत. अंगणात जाऊन मोटरसायकल पुसत बसले, जी आदल्या दिवशीच पुसली होती. मी मागे गेले. त्यांनी माझ्याकडे न बघता फडकं पिळलं आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, "पोर मोठी व्हयनी. आते तिले आबा कसाले जोयजे?"

मी कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं की पोर काही मोठी झालेली नाही, तिला आबा हवेच आहेत, ती चित्रं काढते आहे, मशीन झोपलंय. पलीकडच्या घरातल्या सुनेला कळलं, रस्त्यावरच्या भाजीवाल्याला कळलं. ह्यांनाही कळलं, पण पटलं नाही.

"गाडीच झोपी जाई तर डायवरनी काय करानं?" म्हणाले. "राहू दे. तू तिनीच बाजू लेस."

म्हणजे मी पोरीचं पांघरूण घालते आहे, मशीनचं निमित्त सांगून. संध्याकाळी मुलीचा फोन आला तर तिकडेही तेच. नात म्हणे दर दोन तासांनी विचारते, आबांना कंटाळा आला का, म्हणून ते कोणाला बसमध्ये बसवत नाहीत का. त्या रविवारी तर तिने सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशी दोन चित्रं पाठवली होती. इकडे हे म्हणतात ती कंटाळली, तिकडे ती म्हणते हे कंटाळले, आणि मध्ये एक पांढरं खोकं, ना हू ना चू. मला त्या खोक्याचा असा संताप आला की दुसऱ्या दिवशी ते उचलून जीपमध्ये घालायचं आणि नंदुरबारला दुरुस्तीला न्यायचं असं मी ठरवून टाकलं. हे म्हणाले, कशाला नेतेस, असू दे पडलेलं. त्यांचं 'असू दे' मला रागापेक्षा जास्त लागलं. राग आलेला माणूस अजून काहीतरी मागत असतो.

दुसऱ्या दिवशी नेणं मात्र झालं नाही, कारण दिवाळीची आवराआवर अंगावर आली होती. आणि परक्या माणसाच्या दुकानात मळकं सामान न्यायचं ही मला सोसणारी गोष्ट नाही. दोन दिवसांनी निघायचं ठरलं तेव्हा म्हटलं, आधी याला पुसून तरी घ्यावं. ओला फडका घेतला. माळ सुकून दोरा उरला होता तो काढला. झाकण पुसलं, बाजू पुसल्या. समोरचा टिळा पुसायला गेले तर निघेना. आणि तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं की टिळा लावलाय कुठे.

ह्यांनी प्रिंटरचं कपाळ शोधलं होतं. अख्ख्या पांढऱ्या अंगावर बरोबर मधोमध गोल असं काय आहे, तर ते बटण. तिथे हळद, त्यावर कुंकू, त्यावर अक्षता दाबून बसवलेल्या, नवरदेवाला लावतात तशा. सगळं सुकून खपली धरली होती, आणि बटण आणि खोबणीच्या मध्ये लाल झालेला तांदळाचा एक दाणा पाचर मारल्यासारखा बसला होता. काखेत कळसा आणि मी निघाले होते नंदुरबारला वळसा घालायला.

बांगडीतली सेफ्टी पिन काढली. कापडातला उसवायचा टाका काढावा तसा दाणा हळूच उचकटला. कुंकवाची खपली खरवडून फुंकर मारली. बटण दाबलं तर टक् झालं. पंधरवड्यात पहिल्यांदा ते आत गेलं होतं. दिवा पेटला, पोटातला रूळ फिरला आणि घुर्र आवाज आला. मी हात जोडले. नाही म्हटलं तरी हात जोडले गेले.

दाणा तळहातावर घेऊन मी अंगणात गेले आणि ह्यांच्या नाकासमोर धरला. मग हाताला धरून आत आणलं, बटण दाखवलं, टिळ्याचा डाग दाखवला. ओरडायची गरजच पडली नाही. ह्यांनी चष्मा लावून दाणा बघितला, बटण बघितलं, पुन्हा दाणा बघितला.

"पूजा बराबर व्हती," म्हणाले. "बटनच चुकीनी जागावर ठेयेल शे."

मला पुढे बरंच बोलायचं होतं, चार दिवस पुरेल एवढं. पण तेवढ्यात प्रिंटरने कागद ओढला. न निघालेली चित्रं म्हणे कुठेतरी रांगेत थांबून राहतात आणि मशीन जागं झालं की येतात, हे मुलीने मला नंतर सांगितलं. तेव्हा मात्र आम्ही दोघं नुसते बघत उभे राहिलो.

पहिल्या कागदावर बस होती, नेहमीच्या जोशात, टपावर कोंबडी. दुसऱ्यावर तीच बस त्याच वळणावर उभी. एक फूटही पुढे गेलेली नव्हती. खाली फक्त "आबा?" असं लिहिलेलं.

तिसरा कागद हळूहळू बाहेर आला. बस उभी होती, खिडक्या सगळ्या रिकाम्या. नातीच्या प्रत्येक चित्रात पुढे मिशीवाला ड्रायव्हर असायचा, तिथे आज नुसतं स्टिअरिंग होतं. आणि रस्त्याच्या कडेला, बसपासून बऱ्याच अंतरावर, दोन वेण्यांची एक बारकी पोर हात वर करून उभी होती.

हे खुर्चीवर बसले. खुर्ची भिंतीला लावलेली होती ती पुढे ओढायचंही सुचलं नाही. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं आणि ते मी बघितलं हे त्यांनी बघितलं, म्हणून मग माझ्यावरच ओरडले, पेन कोठे शे म्हणून. पेन खिशातच होतं.

आधी ड्रायव्हर काढला. मिशी जरा जास्तच मोठी झाली. मग ते त्या पोरीकडे बघत राहिले. तिला खोडून बसमध्ये बसवावं तर पेनने काढलेलं खोडता येईना, छापलेलं तर मुळीच नाही. शेवटी त्यांनी बसचं दार उघडं काढलं. दाराखाली एक पायरी काढली, तिच्यापुढे दुसरी, तिच्यापुढे तिसरी, अशा पायऱ्या काढत काढत रस्ता ओलांडून थेट तिच्या पायांपर्यंत नेल्या. जगात कुठल्या बसला एवढ्या पायऱ्या नसतील.

माझा धीर सुटत चालला होता. तिकडे पोर वाट बघत असेल, आणि ह्या मशीनचा काय भरवसा, पुन्हा डोळा लागला तर? कागद पाठवून मोकळं व्हावं म्हणून मी हात पुढे केला. ह्यांनी कागदावर पंजा ठेवला.

"थांब जराशी," म्हणाले. "पोर चढी ऱ्हायनी."

तिचं चढून होईपर्यंत मी थांबले.