पट्ट्यांच्या खोलीतली सुकेळी

विरारजवळच्या एका फार्मसी कॉलेजात मी आणि माझी मैत्रीण उंदरांवर मिळून प्रयोग करत होतो. पेटीला दोन खोल्या होत्या, एक पट्ट्यांची आणि एक पांढरी. पट्ट्यांच्या खोलीत उंदराला औषध द्यायचं, पांढरीत नुसतं मिठाचं पाणी टोचायचं. शेवटच्या दिवशी काहीच न देता मधलं दार उघडायचं आणि तो कुठे जास्त वेळ रमतो ते बघायचं. औषधाची चटक लागते का, ते त्यावरून कळायचं.

आमचे सगळे उंदीर पट्ट्यांकडे धावले. आमच्या मार्गदर्शक मॅडम खूश झाल्या.

आठवड्याने पेटी धुताना त्या खोलीच्या जाळीखाली वाळवलेल्या केळ्याचे, सुकेळीचे तुकडे चिकटलेले दिसले. सुकेळी मैत्रिणीच्याच नंदाखाल गावातल्या घरून यायची आणि डब्यातली अर्धी ती रोज मला द्यायची.

"तू ठेवलीस?"

"उंदीर गेले नसते तर तुझाही प्रबंध अडकला असता गं."

माझ्यासाठी केलं म्हणाली, तेच जास्त लागलं. मी मॅडमना सांगितलं आणि प्रयोग एकटीने पुन्हा केला. या वेळी उंदीर दोन्ही खोल्यांत सारखेच फिरले. ती पुढे माझ्याशी कधीच बोलली नाही. मीही तिच्याशी बोलायला गेले नाही.