कुसुमच्या लोहाच्या गोळ्या

माझ्या तोंडून हे आजवर बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, पोटच्या लेकींना नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा मी भलतंच काहीबाही बोलत बसायची. तुम्हाला सांगते — पण मध्येच "जाऊ द्या हो, जुनी गोष्ट" म्हणू नका.

आमचं घर काळेवाडीचं. तेव्हा सगळी शेतंच, पलीकडं पिंपरीला कारखाने नुकते उभे राहत होते. धाकट्या दिराला तिथं नोकरी लागली, अन् त्याची बायको कुसुम लक्ष्मीच्या पावलांची ठरली. आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, येईल-जाईल त्याला हे सांगायच्या. माझा नवरा औत हाकायचा. मग माझी पावलं कसली? कुणी बोललं नाही, पण मला ऐकू यायचं.

पोर गुणाची होती हो. पहिल्या बाळंतपणानंतर मात्र तिची झोप उडाली. अंथरुणाला पाठ टेकली की पायांत मुंग्या चालल्यासारखं व्हायचं, मग उठून अंगणात येरझाऱ्या. दिवसा भाकरी थापता थापता डुलक्या. शेवटी मीच तिला पिंपरी कॅम्पातल्या सिंधी डॉक्टरकडं नेलं — हो, मीच. तेवढं बरं केलं.

डॉक्टरनं पापणी ओढून पाहिली. अंगात रक्त नाही म्हणाला, त्यानंच पाय असे करत असतील. रक्त भरलं की झोप येईल. लोहाच्या गोळ्या दिल्या, शक्तीच्या पिवळ्या गोळ्या दिल्या, पालेभाजी खायला सांगितली. तान्ही रडायला लागली म्हणून कुसुम बाहेर गेली, तेव्हा मला मोठी समजून तो म्हणाला, की या गोळ्यांनी परसाकडला काळं होतं, घाबरायचं नाही, तिला सांगून ठेवा.

मी सांगितलं नाही. विसरले — खरंच विसरले होते का? वाटेत बाजार होता, ऊन होतं, पोर रडत होती... असं मी मलाच किती वर्षं समजावलं.

हळूहळू गोळ्या लागू पडल्या. कुसुम उजाडेपर्यंत निजू लागली. आत्याबाई म्हणायच्या, निजू दे तिला. अन् मी जात्यावर. माझा नुसता जळफळाट व्हायचा. झोपेचाही हेवा करणारी बाई पाहिलीत कधी?

मग एके सकाळी ती पांढरीफटक होऊन आत्याबाईंजवळ आली. काळं होतंय म्हणाली. आमच्याकडं त्याचा अर्थ एकच — कुणीतरी काही खायला घातलं, करणी केली. रात्रीच्या येरझाऱ्यांचाही मग उलगडा झाला. "बाहेरचं हाय, मला आधीच वाटत व्हतं," आत्याबाई म्हणाल्या, अन् गोळ्या उकिरड्यावर गेल्या. कुसुमनं माझ्याकडं पाहिलं. डॉक्टरचं एवढंसं वाक्य सांगायचं होतं. मी फुंकणी घेतली अन् चूल फुंकत बसले.

भगत आला. लिंबं झाली, धुरी झाली. झोप परत गेली ती गेलीच. ती अंगणात फिरायला लागली की घरातले आतून कडी लावायचे — मीसुद्धा लावायची, सगळं ठाऊक असून. पुढं तिला लेकीसकट चाकणला माहेरी धाडली. दिरानं दुसरी केली. तीही उजाडेपर्यंत निजायची.

काही वर्षांनी चाकणच्या बाजारात कुसुम दिसली. कांदे निवडत होती. भर बाजारात माझ्या पाया पडली. लेक जरा लांब उभी होती.

"हिला कुशीत घेऊन कधी निजले न्हाई, आक्का. माझं बाहेरचं हिला लागंल म्हणून." मग माझा हात धरला. "तुमीच एकट्या मला दवाखान्यात घेऊन गेला व्हता. ते इसरले न्हाई मी."

तिथं तरी सांगता आलं असतं. लाज वाटली, अन् लाजेपेक्षा जास्त भीती — ती हात सोडेल याची. मी तिचे आभार मुकाट घेतले. पोरीच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला अन् एसटी धरली.

कुसुम आता नाही. परवा तिची लेक येऊन गेली. तिलाही आता नातू आहे. बोलता बोलता सहज म्हणाली, आईला बाहेरचं होतं ना. मी मान डोलावली.