हातमोज्यातली ओल

अमानवीय म्हणवल्या जाणाऱ्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. कोल्हापुरात कचेरीबाहेर टेबल टाकून मी अर्ज लिहितो. शिक्षण दहावीपर्यंतच झाले असले, तरी माझा मसुदा सहसा परत येत नाही. भूतबाधेच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांना मी आजवर वाटेला लावत आलो. म्हणूनच पुढील हकीकत लिहिताना संकोच होतो... आणि खरे सांगायचे, तर किळस येते.

शालनताई या विधवा बाई कागलच्या एमआयडीसीलगत, दूध काढणारा रोबो बनवणाऱ्या एका कंपनीच्या गोठ्यावर कामास होत्या. तेथे म्हशीखाली रबरी कातडीचा यांत्रिक हात बसवलेला. शेजारच्या खोलीत शालनताईंनी सेन्सरचा हातमोजा घालून बोटे हलवायची, म्हणजे तो हात तशीच हलवी. आणि त्या हाताला जे लागेल, ते यांच्या बोटांना जाणवे. म्हशीचे रेडकू मेलेले. तिने पान्हा चोरू नये म्हणून त्याच रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभे केलेले. एके दिवशी शालनताई माझ्या टेबलाशी आल्या.

"अण्णा, मला श्याण काढायचं काम द्या, असा अर्ज लिवा. त्यो हातमोजा नगो. आत कायतरी बोटं चोखतंय."

"ताई, असे कारण दिल्यास नोकरी जाईल. त्वचाविकार लिहू."

"मला कसला इकार न्हाय. उद्या डाक्टरानं हात बगितला तर? आदी तुमी घालून बगा, मग लिवा की!"

वस्तुस्थिती पाहिल्याविना मी लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. तेथील इंजिनिअर हसून म्हणाला, "घाला काका, बिनधास्त." काचेपलीकडे म्हैस दिसत होती. यांत्रिक हात तिच्या सडांपासून वीतभर दूर, हवेत स्थिर होता. स्क्रीनवर स्पर्श — शून्य.

प्रथम काहीच नाही. मग तळव्यावरून काहीतरी खरखरीत, कोमट, ओले फिरले. पुन्हा फिरले. मग मधली दोन बोटे कशात तरी ओढली गेली... लिबलिबीत हिरड्या, अधाशी चोखणे, आणि मध्येच एक ढुशी.

"शाब्बास काका! पान्हा सोडला तिनं!" इंजिनिअर ओरडला. कोणीही हात न लावता म्हशीच्या सडांतून दूध ठिबकत होते. स्क्रीनवर शून्यच.

हातमोजा ओरबाडून फेकला. तळवा फेसाळलेला; आंबूस वास.

"घाम आहे," इंजिनिअर म्हणाला.

शालनताईंनी माझी दोन बोटे धरून फाकवली. "घाम अशी तार धरतोय व्हय, सायेब?"

मी मोरीकडे धावलो आणि ओकलो.

अर्जात जसे घडले तसेच लिहिले. कंपनीचे मॅनेजरसाहेब तो वाचून खदखदून हसले. "हिच्यामुळं तर म्हस दूध देतीया. हिला कशी सोडू?" आणि आमचा खोटेपणा दाखवण्यासाठी त्यांनी स्वतःच हातमोजा चढवला. पाहता पाहता हसू मावळले. हात बाहेर काढून त्यांनी तो पँटला पुसला... परत पुसला... आणि मग अर्जावर डाव्या हाताने सही केली.

शालनताई आता शेण काढतात, समाधानी आहेत. मी जाणकारांना विचारले. एकालाही उलगडा करता आला नाही, मलाही नाही. साबण, राख, लिंबू, सर्व करून झाले — तरी उजव्या हाताने घास तोंडाशी नेताना अजून उमासा येतो.