जुळणारा ठसा

सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात तंत्रज्ञ बाईंनी एका बसचालकाच्या गुडघ्याची फाइल शोधली, पण उघडली नाही. आधी तिचा हॅश, म्हणजे जणू फाइलच्या बोटाचा ठसा, काढायचा, मग फाइल उघडायची, हा त्यांचा शिरस्ता. त्यावरूनच सगळे त्यांना ठसेताई म्हणत.

नव्या मुलींना त्या एका दमात सांगत, "फाइल यंत्राच्या तोंडात घाल, चौसष्ट आकडे-अक्षरांची ओळ बाहेर येते. चित्रातला एक ठिपका हलव, अख्खी ओळ बदलते. आणि नुसत्या ओळीवरून चित्र कुणाच्या बापाला काढता येत नाही."

घरी नवरा म्हणे, "माझाही काढून ठेव. बदललो तर कळेल."

"तुम्ही कसले बदलताय!"

त्या दिवशी प्रश्न चालकाच्या पायाचा होता. दुखत होता डावा गुडघा, चिरला गेला उजवा. त्याची बस कायमची सुटली. रुग्णालयाचं म्हणणं, एक्स-रेवर 'उजवा' असंच होतं. कोर्टानं मूळ फाइल मागवली होती आणि ती बदललेली नाही असा दाखलाही. सही ठसेताईंची.

सर्व्हरवरच्या फाइलचा हॅश शेजारी साठवलेल्या जुन्या हॅशशी तंतोतंत जुळला. चित्रावर 'उजवा' होतं. सही करायला काहीच हरकत नव्हती.

पण बाहेर चालकाची बहीण बसली होती. तिनं पर्समधून सीडी काढली. "एक्स-रेच्या दिवशी तुम्हीच करून दिली होती. दादा म्हणाला, ताईंना दाखव, त्या खोटं बोलणार नाहीत."

"दादाला सांगा, मी बोलतच नाही. यंत्र बोलतं."

यंत्र बोललं. सीडीवरच्या फाइलचा हॅश पहिल्या अक्षरापासून निराळा होता. चित्रावर स्पष्ट 'डावा'. अशा सीडीवर एकदा लिहिलं की पुन्हा लिहिता येत नाही. म्हणजे बदल सर्व्हरवर झाला होता.

मग तिथला हॅश जुळला कसा? उत्तर एकच उरत होतं. ज्यानं चित्र बदललं, त्यानं नव्या चित्राचा हॅश काढून जुन्याच्या जागी ठेवला होता. हॅश वेगळ्या यंत्रावर ठेवू, असं त्या पूर्वी म्हणाल्या होत्या. "कशाला पळापळ? शेजारीच ठेव," हे शब्द मास्तरांचे. मास्तर म्हणजे विभागप्रमुख. ठसेताईंना अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायला त्यांनीच शिकवलं होतं. फाइल आणि हॅश असलेल्या फोल्डरमध्ये बदल करण्याची परवानगी मास्तर आणि ठसेताई या दोघांनाच होती.

त्यांनी सीडी बहिणीच्या हातात परत दिली. "थेट कोर्टात द्या. वाटेत कुणी मागितली तर देऊ नका. मी मागितली तरीसुद्धा."

ती जिन्यापर्यंत पोचली असेल नसेल, तोच मास्तर दारात.

"सीडी कुठाय?"

कुणी सांगितलं त्यांना, हे ठसेताईंनी विचारलं नाही. "गेली."

"सर्व्हरवरचं जुळतंय ना? मग सही कर नि मोकळी हो."

"जुळतंय, मास्तर. तीच तर भीती आहे."

मास्तर हसले. खुर्ची ओढून अगदी जवळ बसले. आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "घरी कोण कोण असतं गं तुझ्या?"

ठसेताईंच्या लग्नात पंगतीला वाढणारा, मुलीच्या बारशाला आलेला माणूस हे विचारत होता. ठसेताईंनी कीबोर्ड पुढे ओढला. दाखल्यात दोन्ही हॅश एकाखाली एक लिहिले, खाली वाक्य घातलं: 'सर्व्हरवरील फाइल आणि रुग्णाला दिलेली प्रत जुळत नाहीत.' सही केली आणि मास्तरांच्या देखत कोर्टाच्या पत्त्यावर ईमेल पाठवला.

मास्तरांनी ते पडद्यावर सावकाश वाचलं. "बरं," एवढंच म्हणाले, आणि जाताना दार ओढून घेतलं.

उद्या सकाळी सात ते तीनच्या पाळीला एक्स-रे विभागात दोघांचीच नेमणूक आहे: मास्तर आणि ठसेताई.