तळपायातली रेघ

ऐंशी सालाच्या आसपास विरारला, फुलपाड्यातल्या एका खोलीत, सुया टोचून उपचार करणारा एक माणूस बसायचा. आमच्या गिरीज गावाहून मी वडिलांना, अप्पांना, त्याच्याकडे नेलं. रोज सकाळी अप्पांचा चेहरा सुजलेला असायचा, डॉक्टर किडनीचं नाव घेत होते आणि माझी झोप उडाली होती.

त्याने स्टोव्हवर उकळलेल्या सुया काढल्या आणि हात चोळून गरम केले. मग अप्पांचा पाय मांडीवर घेतला.

"चिनी वैद्य किडनीची रेघ तळपायापासून धरतात," तो म्हणाला. "माणसाची भीतीही याच रेघेत राहते, असं मानतात."

जन्मभर केळीच्या वाडीत अनवाणी वावरलेला तो तळवा. पहिली सुई वाकली, दुसरीही वाकली. अप्पा शांतपणे म्हणाले, "वाडीतली पहार आणायला हवी होती."

तो हसला नाही. घोट्याच्या आतल्या बाजूला त्याने हलकेच सुई लावली. "डॉक्टरांच्या गोळ्या सोडू नका," मला म्हणाला. मग त्याने माझ्या बाकाकडे पाहिलं.

"आता तुम्ही पाय खाली टेकवा."

मी खाली पाहिलं. बाकावर बसल्या बसल्या माझे दोन्ही तळवे मी जमिनीपासून वीतभर वर आखडून धरले होते.