दुलईतलं जेवण

धुलाईखान्यात त्याला सगळे 'कडक' म्हणत. कॉलरला स्टार्च लावण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता हे एक कारण, आणि वरच्याला उलट उत्तर देताना त्याची जीभ कधी अडखळली नाही हे दुसरं. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, ब्लँकेटं अशी ढिगांनी त्याच्या हाताखालून जात. सकाळी शर्ट घालून जायचा आणि संध्याकाळी वाफेत उकडून परत यायचा. घरी चौथीतली एक लेक, आणि भिंतीवर बायकोचा फोटो.

बायको गेल्यानंतरचं पहिलं वर्ष बापलेकीने पाकिटांवर काढलं. पाकीट फोडा, गरम पाणी ओता, गिळा आणि झोपा. मग शाळेच्या तपासणीत पोरीच्या अंगात रक्त कमी निघालं आणि ही बातमी त्याच्या सासूबाईंच्या कानावर गेली. या बाईंनी उभा जन्म वसतिगृहाचं स्वयंपाकघर चालवलेलं. त्यांच्या राज्यात चमचासुद्धा आपली जागा सोडायला घाबरायचा. त्या आल्या, कपाटातली पाकिटं एकेक करून टेबलावर मांडली आणि म्हणाल्या, "जावईबापू, पोरीला रोज रात्री धड शिजवलेलं जेवण मिळालं पाहिजे. जमत नसेल तर सुट्टी लागली की मी तिला घेऊन जाते. तिच्या आईला मी असं नव्हतं वाढवलं."

शेवटचं वाक्य त्याला फार लागलं, कारण ते खरं होतं.

त्यानंतर सल्ल्यांना ऊत आला. सुपरवायझर म्हणाला, बाहेरून मागवा, सगळं जग मागवतं. वरच्या मजल्यावरची शेजारीण म्हणाली, दुसरं लग्न करा. "भाजी चिरायला बायको आणू?" असं त्याने विचारल्यावर तिने बोलणंच टाकलं. कोणी म्हणालं सुट्टीच्या दिवशी आठवडाभराचं शिजवून ठेवा. सुट्टीच्या दिवशीही कडकला पाळी असते हे ऐकून घ्यायला सांगणाऱ्याला वेळ नव्हता. एवढ्या शहाण्यांतल्या एकानेही कडकची पाळी तासभर आधी सुटेल असं काही केलं नाही. सल्ला द्यायला काय जातं?

पोर कुठेही जाणार नाही, हे त्याने मनाशी पक्कं केलं.

मग त्याने डोकं लढवलं. मोठ्या इस्त्रीयंत्राकडे जाणारा वाफेचा पाइप दिवसभर तापलेला असतो. त्यावर त्याने सकाळी डाळ, गाजर आणि पाणी घातलेला घट्ट झाकणाचा डबा तारेने बांधला. पाळी सुटेपर्यंत सगळं लोण्यासारखं शिजलेलं! कित्येक दिवस हे बिनबोभाट चाललं. मग एकदा हौसेने त्याने लसूण जरा सढळ हाताने घातला, आणि एका हॉटेलातून उशांचे अभ्रे गाडीभर परत आले. पाहुण्यांना म्हणे रात्रभर भूक लागत होती.

"ही धुलाई आहे, खाणावळ नाही!" सुपरवायझर ओरडला.

"खाणावळ असती तर पोरीला घेऊन इथेच राहायला आलो नसतो का, साहेब?"

घड्या घालणाऱ्या मावशी तोंडात टॉवेलचं टोक कोंबून हसल्या. पण डबा बंद झाला तो झालाच. त्या संध्याकाळी रागाने धुमसतच तो ब्लँकेटांची चळत उचलायला गेला. सकाळी वाळवणाच्या यंत्रातून काढलेली ती ब्लँकेटं. मधे हात घातला तर आत अजून ऊब. तो तसाच उभा राहिला.

"काय रे, विंचू चावला?" मावशींनी विचारलं.

"मावशी, माझा स्वयंपाक सापडला," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने निघण्याआधी घरी पातेल्यात मसूर, जव, गाजर आणि टोमॅटो घालून खळखळून उकळी आणली. झाकण दाबून बसवलं. गॅस बंद केला आणि पातेलं गुंडाळायला घेतलं: आधी फडकं, मग धुलाईखान्यातून मागून आणलेलं फाटकं ब्लँकेट, मग दुलई, आणि सगळ्यात वर लेकीची जांभळी शाल, तिच्या आईने विणलेली. ते गाठोडं पलंगाच्या कोपऱ्यात ठेवून बाप कामावर गेला, पोर शाळेत. घरात कोणी नाही आणि जेवण आपलं गुपचूप शिजतंय! संध्याकाळी गाठोडं सोडलं तर चटका बसेल इतकी वाफ.

सगळंच काही सरळ झालं नाही. एकदा भोपळ्याचा चिखल झाला. एकदा पोरीने शाळेत जाता जाता "शिजलं का बघते" म्हणून झाकण उघडलं आणि रात्री दोघांनी करकरीत जव चावले. तेव्हापासून घरात एकच कायदा होता: दुलई उघडायची नाही.

हा कायदा सासूबाईंना कोणी सांगितला नव्हता.

सुट्टी लागायच्या दिवशी त्या आल्या त्या सकाळीच, बापलेक बाहेर पडल्या पडल्या, स्वतःजवळच्या किल्लीने. संध्याकाळी कडक घरात शिरला आणि आधी त्याचं लक्ष पलंगाकडे गेलं. चादरीवर एक सुरकुती नव्हती. दुलई आणि ब्लँकेट चौकोनी घडी होऊन पायथ्याशी बसलेली. दाराजवळ लेकीची बॅग भरून तयार होती आणि लेक तिच्यावर पाय मारत बसली होती.

"पातेलं ओट्यावर आहे," सासूबाई म्हणाल्या. "मी चाखून पाहिलं. निम्मं कच्चं! कपड्यांच्या ढिगाऱ्यात लपवलं होतंत. हे जेवण?"

"लपवलं नव्हतं, आजी!" लेक उसळली. "ते शिजत होतं! तू उघडलंस!"

"अंथरुणात कोणी शिजवतं का?"

"आम्ही शिजवतो," कडक म्हणाला. एरवी तो ओरडला असता. पण आज आवाज चढवला तर पोर गेली, हे त्याला कळत होतं. "आई, तुम्ही आमच्या जेवणाची घडी घालून ठेवलीत. आता बसा. अर्ध्या तासात होईल. न जेवता तुम्हाला जाऊ देणार नाही, आणि पोरीला जेवल्यावरही नाही."

त्याने पातेलं गॅसवर चढवलं आणि पालक चिरायला घेतला. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. त्याने एकेक थर सांगितला, आधी काय, वर काय, किती उकळी. वसतिगृहाच्या त्या बाईंनी मधेच विचारलं, "झाकणावर वजन ठेवता का?"

"नाही."

"ठेवत जा. वाफ कमी जाईल." मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन त्यांनी तोंड मिटलं.

"आजी, मी आता धापा न टाकता जिना चढते," लेक म्हणाली. "बघ!" ती खाली धावली आणि वर आली. चेहरा लालबुंद, आणि श्वास दिसू नये म्हणून ओठ घट्ट दाबलेले. कडकला हसू आवरेना.

तिघं जेवायला बसली. सासूबाईंनी पहिला घास बराच वेळ चावला. डोळे भरून आले तेव्हा त्यांनी ते लपवले नाहीत.

"माझी पोर गेली," त्या म्हणाल्या. "हिलाही काही झालं तर? मला रात्री झोप लागत नाही हो."

"मलाही नाही लागत," कडक म्हणाला. "पण म्हणून मी तिला कुठे पाठवणार नाही. तुम्ही या. रोज या, जेवा, चुका काढा. पोर या घरातच वाढेल."

ताटं आवरून सासूबाईंनी पायात चपला सरकवल्या आणि बॅगेकडे हात नेला. पण लेक आधीच तिथे बसली होती. तिने चेन ओढली, कपडे जमिनीवर उपसले आणि तळाशी घडी घालून ठेवलेली जांभळी शाल बाहेर काढली.

"ही तू का भरलीस?" ती आजीवर डाफरली. "ही गेली तर उद्याचं शिजणार कसं?"

सासूबाई त्या शालीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पायातल्या चपला काढल्या, खाली बसल्या आणि बॅगेतले कपडे एकेक करून पुन्हा कपाटात लावू लागल्या.